सरांचा रडण्याचा वर्ग

रणनवरे सर दारात येऊन उभे राहिले तेव्हा आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. सरांच्या हातात छत्री होती आणि कोटाच्या वरच्या खिशात, एरवी जिथं पेन असायचं तिथं, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आईनं पदर सावरला. मी आतून खुर्ची आणली. सर बसले नाहीत.

"सलाम, सगुणाबाई," ते म्हणाले. "तुम्ही आपल्या चर्चच्या मंडळीला रडायला शिकवावं, अशी विनंती करायला आलोय."

आईनं हातातली मिरची खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, सरांना ऊन लागलं.

सर कोण होते ते आधी सांगते, नाहीतर यातलं काही कळायचं नाही. शांतवन रणनवरे आमच्या सोनटाकळीच्या मिशन शाळेचे हेडमास्तर. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गावातल्या ख्रिस्ती वस्तीतला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या हातचा मार खाऊन मोठा झालेला, त्यामुळं ते निवृत्त झालेत हे कोणी मनावर घेतलं नव्हतं. शिवाय ते चर्चचे पंच. आणि मयताच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा.

सरांचं म्हणणं असं, की ज्यांना पुनरुत्थानाची आशा नाही त्यांनी रडावं. आपला माणूस प्रभूकडं गेला, तर ऊर बडवायचं कारण काय? आमच्याकडच्या जुन्या बायका मात्र मयताला वाडवडिलांच्या रीतीनंच रडायच्या. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याची एकेक गोष्ट काढून, सुरात. सरांनी ते बंद पाडलं. कबरस्तानात एखादीनं गळा काढला की सर उजवा हात वर करत आणि स्वतः गीत सुरू करत. सरांना सूर नव्हता. ते इतक्या वरच्या पट्टीत लावत, की रडणारी बाई दचकून गप्प होई आणि मग सरांना सावरायला म्हणून सगळी मंडळी ते गीत उचलून धरी.

त्यांची बायको वारली तेव्हाही कबरेशी हात वर करून त्यांनीच गीत लावलं. खरं म्हणजे त्या दिवशी कोणी रडत नव्हतं. हात त्यांनी कोणाला थांबवायला वर केला, कोण जाणे.

आणि आमच्या घरची गोष्ट. माझा भाऊ सुमंत काविळीनं गेला तेव्हा मी लहान होते. आईनं कबरेच्या काठाशी बसून नुकती सुरुवात केली होती, तेवढ्यात सरांचा हात वर गेला. आई थांबली. त्यानंतर सुमंतचं नाव घेऊन ती कधी रडली नाही, आणि सरांशी कामापुरतंच बोलायची. तेच सर आता आमच्या अंगणात उभे राहून तिला रडायला शिकव म्हणत होते.

कारण त्यांच्या खिशात होतं. त्या वर्षी ते नगरच्या एका गटाबरोबर पवित्र भूमीच्या यात्रेला जाऊन आले होते. बाकीच्यांनी जॉर्डनचं पाणी आणलं, ऑलिव्हच्या लाकडाचे क्रूस आणले. सरांनी यरुशलेमच्या एका गल्लीतल्या दुकानातून करंगळीएवढी काचेची बाटली आणली. हिरवट काच, वर तेलाच्या तवंगासारखी रंगीत झाक, मान लांब आणि बारीक. रोमन काळात घरातलं माणूस गेलं की लोक आपली आसवं अशा बाटलीत धरून त्याच्या कबरेत ठेवत, असं दुकानदारानं त्यांना सांगितलं. ते ऐकून सर तिथल्या स्टुलावर बसले ते उठेचनात. बस त्यांच्यासाठी खोळंबून राहिली.

सरांना बायबलातलं दाविदाचं स्तोत्र आठवलं होतं. माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव, असं तो देवाला म्हणतो. सरांना ते पाठ होतं, पण बुधली ही नुसती बोलायची पद्धत, असं ते आजवर समजत आले होते. आता ती बुधली त्यांच्या तळहातावर होती. देव जर आसवं साठवत असेल, तर इतकी वर्षं देवाच्या घरी जायचा माल आपण वाटेत अडवला. हे शब्द त्यांचेच. परत आल्यावर पहिल्या रविवारी उपासना संपताना ते उठले आणि सर्वांसमोर म्हणाले, "मी चुकलो." सरांच्या तोंडून हा शब्द मंडळीनं कधी ऐकला नव्हता. त्या धक्क्यात पुढचं कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. पुढचं असं होतं, की यापुढं मयताला सर्वांनी रडायचं.

लवकरच म्हातारे मोशेबाबा उजागरे गेले. सगळे रुमाल घेऊन कबरस्तानात आले. पेटी खाली सोडली. सरांनी मंडळीकडं वळून मान हलवली आणि म्हणाले, "हं." कोणालाच रडू येईना. बायका एकमेकींच्या तोंडाकडं पाहत राहिल्या. मोशेबाबांची मुलगी शांता, बापाच्या अंगाखांद्यावर वाढलेली, डोळे ताणून ताणून कबरेत पाहत होती. बराच वेळ कोणी जागचं हललं नाही. शेवटी मागून कोणीतरी सवयीनं गीत सुरू केलं आणि सगळ्यांनी सुटल्यासारखं ते उचललं.

संध्याकाळी शांता आमच्याकडं आली. आईला म्हणाली, "मावशी, बाप गेला आणि डोळ्याला पाणी नाही. माझं आतलं काही बिघडलंय का?" आईनं तिला चहा दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

सरांच्या मते हा सरावाचा प्रश्न होता. सवय मोडली होती, ती पुन्हा लावायची. आणि जुनी रीत येणारी गावात आता आमची आई एकटीच उरली होती.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तेव्हा बंद केलंत, आता चालू हो म्हणता. मी काय रेडिओ आहे का, सर?"

"तुमचं बरोबर आहे," सर म्हणाले. छत्री उघडली आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत आले. तिसऱ्या दिवशीही. आई रोज नाही म्हणायची, सर रोज बरोबर आहे म्हणायचे. नाही म्हणता म्हणता ती त्यांना ताक द्यायला लागली, एवढाच फरक.

मग सरांनी वर्ग स्वतःच घ्यायचं ठरवलं. दर शनिवारी दुपारी, चर्चमध्ये. मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते, म्हणून फळा आणि खडू न्यायचं काम माझ्याकडं आलं. सरांचा निरोप गेल्यावर न येण्याची कोणाची छाती नव्हती. पोरंबाळं झालेली माणसं बाकांवर हाताची घडी घालून बसली.

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'रडण्याचे प्रकार'. खाली मुसमुसणे, स्फुंदणे, हुंदके देणे, हंबरडा फोडणे. कोणता प्रकार केव्हा, ते समजावलं. हंबरड्यात श्वास कुठं घ्यायचा ते दाखवलं. बाटली समोरच्या टेबलावर, पांढऱ्या रुमालावर उभी. तिची मान इतकी अरुंद होती, की आसू थेट आत पडणं शक्यच नव्हतं. त्यासाठी सरांनी पेनात शाई भरायचा ड्रॉपर आणला होता. पहिल्या शनिवारी एकच जण रडलं, काशीनाथ पाटोळ्यांचं तान्हं नातवंड. सरांनी हंबरड्याचं प्रात्यक्षिक केलं तेव्हा ते घाबरलं. सर लगबगीनं खाली आले आणि त्याच्या गालावरचा थेंब त्यांनी ड्रॉपरनं उचलला. ड्रॉपरात जुनी शाई होती. बाटलीत पडलेला पहिला थेंब निळा होता.

दुसऱ्या शनिवारी खुद्द पाटोळे शिंपी कांदा घेऊन आले. सरांनी तो जप्त केला. म्हणाले, ही कॉपी झाली. मग सर्वांना डोळे मिटून आपलं सर्वांत मोठं दुःख मनात आणायला सांगितलं. चर्चमध्ये अशी शांतता पसरली, की वरच्या पत्र्यावर फिरणारी कबुतरं ऐकू येत होती. थोड्या वेळानं पाटोळ्यांचे खांदे हलायला लागले. सगळे आशेनं वळून पाहू लागले. पाटोळे हसत होते. ओठ दाबून धरले होते, पण ते आवरेना, आणि मग फुटलंच. त्यांच्या शेजारच्याला फुटलं, मग बायकांच्या बाजूला. शांतासुद्धा पदर तोंडात कोंबून गदगदत होती. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सर ड्रॉपर घेऊन धावले आणि मध्येच थबकले. हसण्याचं पाणी चालेल का, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी तो पाळकांना विचारला.

आमचे पाळक बोर्डे नुकतेच सेमिनरीतून आलेले होते, तरुण, आणि सरांना इतरांपेक्षा थोडे जास्तच घाबरायचे. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. त्यांचा विचार होईपर्यंत लोकांचे गाल वाळले.

तिसऱ्या शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधीच पाळक उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाले, सर, या बाटलीविषयी मला थोडं बोलायचंय. मग फळ्याकडं बघत त्यांनी घडाघडा सांगून टाकलं. अशा बाटल्या त्या मुलखातल्या जुन्या कबरींत खूप सापडतात, हे खरं. पण त्यांत आसवं नसायची. सुगंधी तेल असायचं, अत्तर असायचं. आसवांची गोष्ट फार पुढच्या लोकांनी जोडली आणि ती अजून दुकानांतून खपते. आणि दाविदाची बुधली तर काचेची नव्हेच. मेंढपाळ पाणी भरून नेतात ती कातड्याची पिशवी.

सर बाटलीकडं पाहत होते.

"हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"तुम्ही आणलीत त्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

पाळक म्हणाले, "तुम्ही सगळ्या मंडळीसमोर 'मी चुकलो' म्हणालात. तेही चुकलंय, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

कोणी हसलं नाही. सरांनी डस्टर घेतलं, फळा वरपासून खालपर्यंत पुसला, कोपरेसुद्धा. मग म्हणाले, "वर्ग बंद." बाटली खिशात टाकून ते एकटेच निघून गेले. लोक कितीतरी वेळ बाकांवर तसेच बसून होते, कारण जा असं कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सर उपासनेला आले नाहीत. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. दुपारी ते आमच्याकडं आले. छत्री नव्हती, डोकं उन्हानं तापलेलं. खुर्चीवर बसले आणि बाटली आईच्या सुपात, मिरच्यांच्या शेजारी ठेवली. ती नंतर आमच्याकडंच राहिली. बोळा लावून आई तीत लवंगेचं तेल ठेवायची, दाढ दुखली की लावायला.

सर म्हणाले, "सगुणाबाई, मी विनंती मागं घेतो. मला आता कशालाच आधार राहिला नाही. एका अत्तराच्या बाटलीवरून मी मंडळीची शिकवण बदलायला निघालो होतो."

आई सूप खाली ठेवून त्यांच्यासमोर बसली. तिनं विचारलं, मग आता पुन्हा सगळ्यांनी गप्प बसायचं का? सर म्हणाले, ते मला कळत नाही. मला आठवतं, हे वाक्य बोलायला त्यांना फार वेळ लागला.

आईनं सुपातली बाटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "लाजाराच्या कबरेशी प्रभू रडला, सर. घटकाभरात त्याला मेलेल्यांतून उठवणार होता. ठाऊक होतं त्याला. तरी रडला."

"ते वचन मला पाठ आहे," सर म्हणाले. "जन्मभर त्यावर मी एकदाही बोललो नाही. मला ते अडचणीचं वाटायचं."

आई उठली. हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "चला."

"वर्ग घेणार तुम्ही?"

"वर्ग नाही. माझं अर्धं राहिलंय, ते पुरं करायचंय. तुम्ही थांबवलं होतं, म्हणून तुम्ही समोर पाहिजे. बाटलीसाठी मी आले नसते."

आमचं कबरस्तान गावाबाहेर, एसटी थांबते त्या फाट्याला लागून. ऊन चढलेलं होतं. बाभळींखाली शेरडं बसली होती. सुमंतच्या कबरेला दगडी बांधकाम नाही, नुसता मातीचा उंचवटा आणि कडेनं चुन्यानं रंगवलेले दगड. आई तिथं बसली. हातानं पालापाचोळा बाजूला केला. मग बराच वेळ नुसतीच बसून राहिली, कुठून धरावं ते सुचत नसल्यासारखी.

"लिले, कुठवर आले होते गं मी?" तिनं मला विचारलं.

मला काय माहीत. मी तेव्हा कोणाच्या तरी कडेवर होते.

"चपला," सर म्हणाले. ते पायथ्याशी उभे होते. "चपलांपर्यंत आला होतात तुम्ही. बाजारातून नव्या चपला आणल्या, इथवर. तिथं मी हात वर केला."

आई त्यांच्याकडं पाहत राहिली. मग तिनं कबरेवर हात ठेवला आणि सुरू केलं. आवाज आधी खरखरीत होता, मग गळा मोकळा होत गेला.

"चपला आणल्यास रे, सुमंता, करकर वाजणाऱ्या. चावल्या तुला, माझ्या राजा, हातात धरून घरी आलास. अनवाणी आलास, सुमंता, आणि अनवाणीच नेलं रे तुला. चपला माझ्या दाराशी राहिल्या."

ती पुढं जात राहिली. त्याला आवडायची ती शेंगदाण्याची चटणी आली, त्यानं पाळलेला लंगडा कुत्रा आला, विहिरीत उडी मारून फोडलेलं कपाळ आलं. मग सूर न मोडता तिनं, या रणनवरे मास्तरानं माझ्या लेकराला नवाच्या पाढ्यासाठी बाकावर उभं केलं, हेही घातलं. "हो," सर हळूच म्हणाले, "केलं होतं." आईनं तेवढा हुंकार धरून पुढचं उचललं.

फाट्यावर एसटीची वाट पाहणारे दोघेतिघे आवाज ऐकून आत आले. त्यांतल्या एका टोपीवाल्यानं मला विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, माझा भाऊ. केव्हा? मी म्हटलं, बरीच वर्षं झाली. त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं, टोपी काढली आणि तसाच उभा राहिला. त्याची गाडी आली आणि गेली.

आईचा आवाज अगदी टिपेला गेला तेव्हा मी सरांकडं पाहिलं. त्यांचा उजवा हात वर चालला होता. त्यांनाही ते उशिरा कळलं. छातीपर्यंत आलेला तो हात त्यांनी डाव्या हातानं मनगटाशी पकडला आणि खाली ओढला, आणि आई थांबेपर्यंत सोडला नाही.

मी पण रडत होते. सुमंत मला धड आठवतसुद्धा नव्हता.

संपलं तेव्हा आईनं पदरानं तोंड पुसलं, पाणी मागितलं. टोपीवाल्यानं आपली बाटली पुढं केली. ताप उतरून घाम आलेल्या माणसासारखी ती दिसत होती, थकलेली आणि हलकी. पाणी पिऊन ती उठली आणि सरांना म्हणाली, "आता तुमचं."

सरांच्या बायकोची कबर पलीकडच्या रांगेत होती, फरशीची. सर म्हणाले, "मला येत नाही."

"आधी कोणालाच येत नाही. नाव घेऊन हाक मारा. एकेरीत."

गावात कोणी सरांच्या तोंडून बायकोचं नाव ऐकलेलं नव्हतं. ते नेहमी 'आमच्या घरून' म्हणायचे. आता ते त्या फरशीपुढं जाऊन उभे राहिले. कोटाची बटणं लावली, पाय जुळवले. घसा साफ केला आणि शाळेत हजेरी घेताना घ्यायचे त्याच आवाजात म्हणाले,

"रणनवरे पद्मावती शांतवन."

आणि थांबले. मान किंचित कलती करून ऐकत राहिले.

मी त्यांच्या वर्गात होते. सर नाव एकदाच पुकारायचे. ओ आली नाही की खाडा, मग मुलगा दारात धापा टाकत उभा असला तरी. त्यांच्या त्या थांबण्याची आम्हाला फार भीती वाटायची. आता तेच थांबणं चाललं होतं. शेरडं उठून पलीकडं गेली. टोपीवाला टोपी हातात धरून उभा होता. सर वाट पाहत होते.

"पद्मावती," त्यांनी पुन्हा पुकारलं.

काही वेळ गेला. मग त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली. या वेळी नुसतं "पद्मा" म्हणाले, आणि तो आवाज हजेरीचा नव्हता. माझ्या ओळखीचाच नव्हता. ते कोटासकट मातीत बसले.

आई जाऊन त्यांच्या शेजारी बसली.

"सावकाश होऊ द्या, सर," ती म्हणाली. "आम्ही आहोत इथं."